अमळनेरचे वनस्पती तूप

१९४५ मध्ये मोहम्मद प्रेमजी यांनी तेव्हाच्या पूर्व खानदेशातील अमळनेरला वनस्पती तुपाची कंपनी काढली; तीच पुढची विप्रो. पण तेल थिजते कसे?

तेलाच्या अनेक रेणूंना बाक असतो, म्हणून ते एकमेकांना नीट बिलगत नाहीत. निकेल उत्प्रेरक वापरून हायड्रोजन दिला की रेणू सरळ होतात, दाटीने बसतात. मग फ्रिट्झ लंडन यांनी १९३० मध्ये उलगडून दाखवलेले रेणूंमधील क्षीण आकर्षण बेरजेने भारी पडते आणि तेल घट्ट होते.

मात्र ही क्रिया अर्धवट राहिली, तर ट्रान्स मेद उरतात. ते हृदयाला घातक. म्हणून २०२२ पासून भारतात तेला-तुपात त्यांना २ टक्क्यांची मर्यादा आहे. खानदेशच्या उद्योगाचा इतिहास लिहिताना भांडवलाबरोबर हे रसायनही नोंदवायला हवे.