हवा तो डॉक्टर

ऑक्टोबर उजाडला की पासष्टी गाठलेल्या माणसाच्या पत्रपेटीत रंगीत पत्रकांचा ढीग पडू लागतो. दात फुकट, चष्मा फुकट, जिम फुकट, महिन्याचा प्रीमियम शून्य डॉलर. पाठोपाठ फोन सुरू होतात. तुमच्या नावाने येत नसतील तर तुमच्याकडे राहणाऱ्या आईवडिलांच्या नावाने येत असतील. त्या पत्रकांवर एक गोष्ट मात्र ठळक अक्षरांत सापडत नाही. ज्या डॉक्टरांकडे तुम्ही पंधरा वर्षं जाता ते, आणि घराजवळचं ते हॉस्पिटल, या प्लॅनच्या यादीत आहे का? हा प्रश्न विचारावा लागतो यामागे मोठा इतिहास आहे, आणि तो माहीत असेल तर त्या ढिगातलं काय आधी वाचायचं ते आपोआप कळतं. म्हणून आज तोच सांगतो.

गंमत अशी की ‘आपला डॉक्टर आपण निवडायचा’ ही घोषणा या देशात आधी रुग्णांपेक्षा डॉक्टरांनीच जास्त जोरात दिली. १९३७ साली वॉशिंग्टनमधल्या काही सरकारी कर्मचाऱ्यांनी वर्गणी काढून पगारी डॉक्टर नेमले आणि ग्रुप हेल्थ असोसिएशन नावाची संस्था काढली. अमेरिकन मेडिकल असोसिएशन म्हणजे एएमए खवळली. अशा संस्थेत काम करणाऱ्या डॉक्टरांवर बहिष्कार पडला, हॉस्पिटलांची दारं त्यांना बंद झाली. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९४३ मध्ये मक्तेदारीविरोधी कायद्याखाली एएमएच दोषी ठरली. तिकडे पश्चिमेत १९३८ मध्ये ग्रँड कूली धरणाच्या कामगारांसाठी डॉ. सिडनी गारफिल्ड यांनी उद्योगपती हेन्री कायझर यांच्यासोबत असाच प्रयोग केला. पैसे आधी भरायचे, डॉक्टर ठरलेले, हॉस्पिटल ठरलेलं. युद्धकाळात तो जहाजबांधणीच्या कामगारांपर्यंत गेला आणि १९४५ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. तोच आजचा कायझर पर्मनंटे. आज आपण ज्याला नेटवर्क म्हणतो त्याचं मूळ असं कामगारांच्या वसाहतीत आहे, आणि मुळात ती काही वाईट कल्पना नव्हती.

१९ नोव्हेंबर १९४५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी काँग्रेसपुढे सर्वांसाठी राष्ट्रीय आरोग्य विमा मांडला, तेव्हा एएमएने तो ‘समाजवादी औषधोपचार’ म्हणून हाणून पाडला. पुढे मागणी आकसत आकसत फक्त वृद्धांच्या हॉस्पिटलखर्चापुरती उरली, तरी विरोध संपला नाही. १९६१ मधली ‘ऑपरेशन कॉफी कप’ ही मोहीम तर मजेशीर आहे. डॉक्टरांच्या बायकांनी शेजारणींना कॉफीला बोलवायचं, ग्रामोफोनवर एक रेकॉर्ड लावायची, आणि ऐकून झालं की सगळ्यांनी आपापल्या खासदाराला पत्रं लिहायची. रेकॉर्डवरचा आवाज होता रोनाल्ड रेगन या नटाचा. त्याचं म्हणणं असं, की सरकार आज वृद्धांची बिलं भरेल, आणि उद्या डॉक्टरने कुठल्या गावात दवाखाना थाटायचा तेही तेच ठरवेल.

ही भीती कमी करण्यासाठी १९६५ च्या कायद्यात सुरुवातीलाच दोन कलमं घातली गेली. कलम १८०१ प्रमाणे सरकार वैद्यकीय व्यवहारात ढवळाढवळ करणार नाही. कलम १८०२ प्रमाणे विमाधारकाला मेडिकेअरमध्ये सहभागी होण्यास पात्र असलेल्या कुठल्याही डॉक्टरकडे किंवा संस्थेकडे उपचार घेता येतील. अर्थ समितीचे अध्यक्ष विल्बर मिल्स यांनी वेगवेगळे प्रस्ताव एकावर एक रचून तीन थरांचा केक केला. हॉस्पिटलसाठी पार्ट ए, डॉक्टरांसाठी पार्ट बी आणि गरिबांसाठी मेडिकेड. ३० जुलै १९६५ रोजी लिंडन जॉन्सन सह्या करायला मुद्दाम मिझूरीतल्या इंडिपेंडन्स गावी गेले, कारण तिथे ८१ वर्षांचे ट्रुमन राहत होते. मेडिकेअरचं पहिलं कार्ड त्यांना मिळालं, दुसरं त्यांच्या पत्नीला. पार्ट बीचा महिन्याचा हप्ता होता ३ डॉलर. १ जुलै १९६६ रोजी योजना सुरू झाली तेव्हा सुमारे १ कोटी ९० लाख माणसं तीत होती.

पण कागदावर ‘हवं ते हॉस्पिटल’ लिहिलं म्हणून दार उघडतं असं नाही. दक्षिणेतल्या काळ्या माणसाला कुठल्या हॉस्पिटलात जाता येईल हे त्याच्या कातडीवर ठरत होतं. सरकारी अनुदानातून हॉस्पिटलं बांधणाऱ्या १९४६ च्या हिल-बर्टन कायद्यानेही ‘वेगळं पण समान’ हे चालवून घेतलं होतं. नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो गावचे दंतवैद्य डॉ. जॉर्ज सिमकिन्स आणि त्यांचे सहकारी कोर्टात गेले, आणि सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलला असा भेदभाव करता येणार नाही, असा निकाल १९६३ मध्ये त्यांनी मिळवला. पुढच्या वर्षी नागरी हक्क कायदा आला. तरीही खरा धाक बसला तो मेडिकेअरच्या पैशाचा. भेदभाव बंद केल्याशिवाय पैसा मिळणार नाही असं ठरलं, आणि १९६६ च्या वसंतात सुमारे हजार तपासनीस, त्यांत कितीतरी स्वयंसेवक, गावोगावच्या हॉस्पिटलांत वॉर्ड आणि मजले पाहत फिरले. पिढ्यान्‌पिढ्या वेगळे असलेले वॉर्ड काही महिन्यांत एक झाले. (डॉक्टरांच्या खासगी दवाखान्यांना मात्र ही अट लावली नाही. पार्ट बीचा पैसा सरकारी मदत धरायचा नाही, अशी पळवाट काढली होती.) माझ्या मते मेडिकेअरने केलेलं सर्वांत मोठं काम हेच, आणि ते कुठल्याही पत्रकात छापलेलं नसतं.

इथे आपल्या मंडळींचा संबंध येतो. सहीनंतर दोन महिन्यांनी, ३ ऑक्टोबर १९६५ रोजी, त्याच जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी नव्या इमिग्रेशन कायद्यावर सही केली. वृद्धांच्या हाती कार्डं आली, हॉस्पिटलांकडे रुग्ण वाढले, आणि डॉक्टर कमी पडू लागले. शिवाय शिकाऊ डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचा मोठा भाग मेडिकेअर पहिल्यापासून उचलत आली आहे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल आणि केईएममधून, पुण्याच्या बी. जे. मधून निघालेली मुलं ज्या रेसिडेन्सीत रुजू झाली, त्या जागांमागे हा पैसा होता. मोठ्या शहरांची सरकारी हॉस्पिटलं आणि कोळशाच्या खाणींजवळची लहान गावं, जिथे इथले पदवीधर जायला तयार नव्हते, तिथे ती गेली. मंडळाच्या गणपतीत भेटणारे पंचाहत्तरीतले काका-मावशी डॉक्टर त्यांतलेच. आज तेही कार्डधारक आहेत.

मग ‘कुठलाही डॉक्टर’ हे वचन पातळ कधी झालं? पैशापायी. सुरुवातीला डॉक्टर आपली नेहमीची फी लावत आणि हॉस्पिटल आपला खर्च सांगे, मेडिकेअर ते भरून देई. खर्च भडकला. १९७० च्या सुमारास पॉल एलवूड यांनी कायझरसारख्या संस्थांना ‘हेल्थ मेंटेनन्स ऑर्गनायझेशन’ म्हणजे एचएमओ हे नाव दिलं आणि निक्सन सरकारने १९७३ मध्ये त्यांच्यासाठी कायदा केला. १९८२ च्या कायद्याने मेडिकेअरचा पैसा दरडोई ठरावीक रकमेने खासगी प्लॅनकडे जायची वाट रुंद झाली. सरकारी मेडिकेअरला त्या काउंटीत माणशी जेवढा खर्च येतो त्याच्या ९५ टक्के रक्कम प्लॅनला द्यायची, आणि काटकसर त्याने करायची. काटकसरीचं मुख्य हत्यार म्हणजे यादी. जे डॉक्टर कमी दर कबूल करतील ते आत, बाकीचे बाहेर.

१९९७ मध्ये याला ‘पार्ट सी’ हे स्वतंत्र घर मिळालं, पण त्याच कायद्याने दरवाढीला लगाम घातला. लगेच प्लॅन काउंट्या सोडून जाऊ लागले आणि लाखो वृद्धांना पुन्हा नवी सोय शोधावी लागली. २००३ च्या कायद्याने दर वाढवून त्यांना परत बोलावलं आणि ‘मेडिकेअर ॲडव्हान्टेज’ हे नाव दिलं. नाव छान आहे, फायदा कुणाचा ते सांगत नाही. २०२३ मध्ये पार्ट ए आणि बी दोन्ही असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक अशा प्लॅनमध्ये होते.

म्हणजे रेगनच्या रेकॉर्डने ज्या सरकारचं भय घातलं होतं, त्या सरकारी मेडिकेअरमध्ये तुम्ही आजही ह्यूस्टनला जा नाहीतर क्लीव्हलँडला, मेडिकेअर घेणाऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे जाऊ शकता. यादी आली ती खासगी दारातून.

ती यादी किती लांब असते? कायझर फॅमिली फाउंडेशनने (हिचा कायझर पर्मनंटेशी संबंध नाही) २० काउंट्यांचा अभ्यास करून २०१७ मध्ये सांगितलं, की ॲडव्हान्टेज प्लॅनच्या यादीत काउंटीतले सरासरी ४६ टक्के डॉक्टर असतात. म्हणजे निम्मेही नाहीत. आणि यादी स्थिर नसते. २०१३ च्या शरद ऋतूत एका मोठ्या विमा कंपनीने कनेक्टिकटमधल्या दोन हजारांहून अधिक डॉक्टरांना ॲडव्हान्टेजच्या यादीतून काढायचं ठरवलं. तिथल्या काउंटी वैद्यक संघटना कोर्टात गेल्या आणि डिसेंबरात त्यांना तात्पुरती स्थगिती मिळाली. हल्ली उलटंही घडतं, हॉस्पिटलंच बाहेर पडतात. सॅन डिएगोत स्क्रिप्सच्या दोन वैद्यकीय गटांनी १ जानेवारी २०२४ पासून ॲडव्हान्टेजचे करार थांबवले, तेव्हा ३० हजारांहून अधिक वृद्धांना डॉक्टर बदलायचा की प्लॅन, हे ठरवावं लागलं. ज्यांचा त्या डॉक्टरवर वीस वर्षांचा विश्वास होता त्यांना तो प्रश्न कसा वाटला असेल, तुम्हीच बघा.

मूळ मेडिकेअरही धुतल्या तांदळाची नाही. पार्ट बीत २० टक्के तुमच्या वाट्याला येतात आणि त्याला वरची मर्यादाच नाही. ॲडव्हान्टेजमध्ये वर्षाच्या खर्चाला कमाल मर्यादा असावीच लागते. म्हणून मूळ मेडिकेअर घेणारे जोडीला मेडिगॅप पॉलिसी घेतात, आणि तिचा हप्ता दर महिन्याला भरावा लागतो. १९९० च्या कायद्याने मेडिगॅपचे ठरावीक नमुने केले आणि एक मोलाची सवलत दिली. पासष्टी झाल्यावर पार्ट बी सुरू होतो त्या महिन्यापासून सहा महिने कुठलीही कंपनी तुम्हाला मधुमेह आहे, बायपास झाली आहे म्हणून मेडिगॅप नाकारू शकत नाही. सहा महिने गेले की बहुतेक राज्यांत कंपनी तुमचा आजार विचारते आणि नकार देऊ शकते. कनेक्टिकट, मॅसेच्युसेट्स, मेन आणि न्यूयॉर्क ही चार राज्यं अपवाद. न्यू जर्सी, टेक्सस, कॅलिफोर्निया त्यांत नाहीत, हे आपल्यापैकी पुष्कळांनी लक्षात घ्यावं. पासष्टीत ठणठणीत असताना शून्य डॉलरचा प्लॅन घेतला, पंचाहत्तरीत कर्करोग निघाला आणि हवं ते कॅन्सर हॉस्पिटल यादीत नाही, अशा वेळी मूळ मेडिकेअरमध्ये परतता येतं, पण मेडिगॅपचं दार बहुधा बंद असतं. पासष्टीलाच पहिल्यांदा ॲडव्हान्टेज घेतलं असेल तर पहिल्या १२ महिन्यांत परत फिरून मेडिगॅप हक्काने मिळते. ही मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा. परवडत असेल तर त्या पहिल्या सहा महिन्यांतच मूळ मेडिकेअर आणि मेडिगॅप घ्यावं, असं माझं मत आहे. परवडत नसेल तर ॲडव्हान्टेज घ्या, पण यादी बघून.

यादी बघायची म्हणजे काय? संकेतस्थळावरच्या नावांवर विसंबू नका, ती जुनी असतात. दवाखान्यात बिलं बघणाऱ्या व्यक्तीला फोन करा. ‘मेडिकेअर घेता का?’ असं विचारलं तर उत्तर ‘हो’ येईल, आणि त्याचा उपयोग नाही. प्लॅनचं पूर्ण नाव सांगा आणि पुढच्या वर्षी घेणार का, असं विचारा. आई ज्यांच्याशी मराठीतून बोलते ते डॉक्टर आधी, मग हृदयाचे, मग अपघात झाला तर ॲम्ब्युलन्स नेईल ते हॉस्पिटल. तातडीचे उपचार यादीबाहेरही मिळतात. अडचण नंतरच्या महिन्यांत येते. एचएमओ सहसा काउंटीशी बांधलेला असतो, त्यामुळे सहा महिने एका मुलाकडे आणि सहा महिने दुसऱ्या राज्यातल्या मुलीकडे राहणाऱ्यांनी दोनदा विचार करावा. ग्रीन कार्डावर आलेल्या पालकांना पासष्टीनंतर, सलग पाच वर्षं इथे राहिल्यावर, हप्ता भरून मेडिकेअर घेता येते. त्यांनाही हेच लागू. आणि भारतात गेल्यावर मूळ मेडिकेअर चालत नाही. जी, एन अशा काही मेडिगॅप नमुन्यांत परदेशातल्या तातडीच्या उपचारांचे ८० टक्के मिळतात, पण प्रवासाचे पहिले ६० दिवस, २५० डॉलर आधी आपण भरून, आणि आयुष्यभरात ५० हजार डॉलरपर्यंतच. पुण्यात तीन महिने राहायचं असेल तर हिशोब करा.

सल्ला देणाऱ्या एजंटाला कंपनीकडून कमिशन मिळतं. प्रत्येक राज्यात शिप नावाची सरकारी मोफत सल्लासेवा आहे, तिचा फारसा कुणी उपयोग करत नाही. प्लॅन बदलायची मुदत १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर. जानेवारीत डॉक्टर यादीबाहेर गेल्याचं कळलं, तर ॲडव्हान्टेजवाल्यांना ३१ मार्चपर्यंत एकदा बदल करता येतो. एप्रिलमध्ये डॉक्टरने प्लॅन सोडला, तर तुम्ही बहुधा पुढच्या जानेवारीपर्यंत तिथेच.