चाळीस वर्षांचे अंतर

देशाटनाने मनुष्य शहाणा होतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु प्रवासास गेलेला प्रत्येक जण शहाणा होऊनच परततो, असा अनुभव मात्र नाही. कित्येकांच्या पेटीत जाताना जेवढे सामान असते तेवढेच येतानाही असते; फार तर चार चित्रे आणि दोन खेळणी अधिक. मग प्रवासातून विद्या मिळते ती केव्हा? आणि एखादा समूहच्या समूह जेव्हा झपाट्याने वाढणारा देश समजून घेण्यासाठी घराबाहेर पडतो, तेव्हा त्याने तेथे नेमके काय पाहावे? या प्रश्नाचे उत्तर तर्काने देण्यापेक्षा इतिहासातील एका उदाहरणाने द्यावे, असे मला वाटते. ते उदाहरण जपानचे आहे.

२३ डिसेंबर १८७१ रोजी योकोहामा बंदरातून 'अमेरिका' याच नावाची एक आगबोट अमेरिकेकडे निघाली. तिच्यावर शंभरांहून अधिक जपानी प्रवासी होते. त्यांचे प्रमुख होते दरबारी घराण्यातील इवाकुरा तोमोमी. त्यांच्या हाताखाली उपप्रमुख म्हणून किदो ताकायोशी, ओकुबो तोशिमिची, इतो हिरोबुमी आणि यामागुची मासुका हे चौघे. मंडळात निरनिराळ्या खात्यांचे अधिकारी होते, दुभाषी होते आणि परदेशात राहून शिकण्यासाठी निघालेले कितीतरी विद्यार्थी होते. या विद्यार्थ्यांत पाच मुलीही होत्या. त्यांतली सर्वांत धाकटी, त्सुदा उमेको, त्या दिवशी सात वर्षांचीही झालेली नव्हती.

ही काही फुरसतीची सफर नव्हती. जपानातील सरदारांची संस्थाने खालसा होऊन अवघे चार महिने लोटले होते. नवी राज्यघडी अजून बसायची होती. अशा वेळी राज्यकर्त्यांपैकी निम्मे कर्ते पुरुष देश सोडून निघाले, ही गोष्ट मोठ्या धाडसाची म्हणावी लागेल. मागे राहिलेल्यांनी मोठे फेरबदल करू नयेत, असा लेखी करारही जाणाऱ्यांनी त्यांच्याशी करून घेतला होता. जाण्याचे हेतू तीन होते. करार केलेल्या राष्ट्रांच्या प्रमुखांस सम्राट मेइजी यांची पत्रे द्यावी, हा पहिला. १८५८ साली जपानवर लादलेल्या विषम तहांविषयी बोलणे काढावे, हा दुसरा. त्या तहांमुळे जपानला आपल्या बंदरांतील जकात स्वतः ठरवता येत नव्हती, आणि जपानी भूमीवर गुन्हा करणाऱ्या परकीयाचा न्याय त्याचाच वकील करी. तिसरा हेतू असा की, या राष्ट्रांचे सामर्थ्य कशात आहे ते प्रत्यक्ष पाहून यावे.

या तिसऱ्या कामाची वाटणी पद्धतशीर केलेली होती. शिक्षणाची पाहणी तानाका फुजिमारो यांच्याकडे, न्यायखात्याची सासाकी ताकायुकी यांच्याकडे, लष्कराची यामादा आकियोशी यांच्याकडे. ज्याने जे पाहायचे त्याचा वृत्तांत त्यानेच द्यायचा. आणि या सर्वांबरोबर कुमे कुनिताके नावाचे बत्तीस वर्षांचे एक विद्वान होते. चिनी विद्येत मुरलेल्या या गृहस्थांचे काम एकच होते: जे दिसेल ते टिपून ठेवणे.

१५ जानेवारी १८७२ रोजी मंडळी सॅन फ्रान्सिस्कोस उतरली. त्या वेळची अमेरिका म्हणजे डोळ्यांदेखत वाढणारा देश. यादवी युद्ध संपून सात वर्षेही झाली नव्हती. पूर्व आणि पश्चिम किनारा जोडणारा लोहमार्ग १८६९ साली पुरा झाला होता. त्याच मार्गाने ही मंडळी निघाली, तो रॉकी पर्वतात बर्फाने वाट अडवली आणि सॉल्ट लेक सिटी येथे त्यांना दोन आठवड्यांहून अधिक काळ मुक्काम करावा लागला. पुढे शिकागो लागले. ते शहर आदल्या ऑक्टोबरात आगीत होरपळले होते; पाहुण्यांनी आपल्या खर्चातून तेथील आपद्ग्रस्तांना मदत दिली. याच शिकागोत इवाकुरांनी आपली पारंपरिक शेंडी उतरवली. २९ फेब्रुवारी रोजी मंडळ वॉशिंग्टनला पोहोचले.

येथे एक फजिती झाली. अमेरिकनांनी केलेल्या स्वागताने हुरूप येऊन मंडळाने तहाची वाटाघाट तेथेच सुरू केली. तेव्हा असे निघाले की, सही करण्याचा अधिकार देणारी पत्रे त्यांच्याजवळ नाहीत! ओकुबो आणि इतो यांना ती आणण्यासाठी सारा खंड आणि महासागर ओलांडून तोक्योला परत जावे लागले. ते जुलैच्या अखेरीस आले, तोवर ही वाटाघाट फलद्रूप व्हायची नाही हे सर्वांना कळून चुकले होते. तहाचे बोलणे तेथेच थांबले.

परंतु या अपयशानेच मंडळाला अभ्यासाला सवड दिली. वर्षाच्या आत परतण्याचा मूळ बेत बाजूला पडला आणि एकट्या अमेरिकेत जवळजवळ सात महिने गेले. या महिन्यांत कुमेंनी शाळा पाहिल्या, छापखाने पाहिले, नव्या शोधांची नोंद ठेवणारी कचेरी पाहिली. अमेरिकेची जमीन अफाट आणि माणसे थोडी, म्हणून तेथे यंत्राला आणि येणाऱ्या प्रत्येक हाताला किंमत, हे कारण त्यांनी नेमके हेरले. नवरा बायकोची खुर्ची सरकवतो, तिची छत्री धरतो, हे पाहून मात्र ते चक्रावून गेले, आणि ते चक्रावणेही त्यांनी लपवले नाही. वॉशिंग्टनमध्ये त्यांनी गुलामगिरीतून नुकत्याच मुक्त झालेल्या काळ्या लोकांच्या मुलांची शाळा पाहिली. त्वचेच्या रंगाचा बुद्धीशी काही संबंध नाही, आणि शिकलेला काळा मनुष्य न शिकलेल्या गोऱ्याला उद्या मागे टाकील, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ज्यांच्या घरी ते पाहुणे होते, त्यांच्यापैकी पुष्कळांना त्या काळी हे दिसत नव्हते.

ऑगस्टमध्ये बोस्टनहून निघून मंडळ लिव्हरपूलला उतरले. पुढचे चार महिने ब्रिटनमध्ये गेले. मँचेस्टरच्या गिरण्या, ग्लासगोच्या जहाजांच्या गोद्या, न्यूकॅसलचे तोफांचे कारखाने, शेफील्डचे पोलाद! ज्या गावी जावे तेथे धुराडी. असे वैभव पाहून दिपून जाणे सोपे असते. आणि दिपून गेलेला मनुष्य एक तर आपल्या देशाची लाज बाळगू लागतो, नाही तर 'हे आपल्याला साधायचे नाही' म्हणून हात टेकतो. कुमेंनी यांपैकी काहीच केले नाही. त्यांनी प्रत्येक गोष्टीला 'ही केव्हापासून?' असे विचारायला आरंभ केला.

उत्तर अनपेक्षित होते. लिव्हरपूल ते मँचेस्टर हा वाफेच्या गाड्यांचा लोहमार्ग १८३० साली सुरू झालेला. म्हणजे पाहुणे तेथे उतरले तेव्हा त्याला बेचाळीस वर्षे झाली होती. युरोपची आजची श्रीमंती प्राचीन काळापासून चालत आलेली नव्हे, ती १८०० नंतरची आहे, आणि तिचा खरा बहर तर गेल्या चाळीस वर्षांतला आहे, असे कुमेंनी लिहून ठेवले. चाळीस वर्षांमागे या भूमीवरही गाड्या जनावरेच ओढीत होती आणि समुद्रावर शिडाची जहाजे होती. मग जपान आणि युरोप यांच्यामधील अंतर ते किती? एका माणसाच्या उमेदीच्या वयाइतके!

श्रोतेहो, या सबंध प्रवासाचे सार मला या एका वाक्यात दिसते. देश कसा आहे, हे पाहणे पुरेसे नसते; तो असा कधी झाला आणि कशाने झाला, हे विचारले पाहिजे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्येही कुमेंना हेच जाणवले. तेथे एकामागून एक मांडलेल्या जुन्या वस्तू पाहताना त्यांच्या ध्यानात आले की, कोणत्याही राष्ट्राची प्रगती एकाएकी होत नाही. मागच्या पिढीचे ज्ञान पुढची पिढी उचलते, आणि जुने फेकून देणे याचे नाव सुधारणा नव्हे.

अर्थात सगळेच धडे असे विद्वत्तेचे नव्हते. लंडनमध्ये ज्या पेढीत मंडळातील अनेकांनी आपले पैसे ठेवले होते ती पेढीच बुडाली, आणि भांडवलशाहीचा तो पाठ त्यांना स्वतःच्या खिशातून शिकावा लागला. बर्लिनमध्ये १५ मार्च १८७३ रोजी बिस्मार्क यांनी मेजवानी दिली. आंतरराष्ट्रीय कायदा बलवानाला सोयीचा असेल तोवरच पाळला जातो, लहान राष्ट्राने स्वतःच्या बळावरच उभे राहावे, असे त्यांनी पाहुण्यांना स्पष्टपणे सांगितले. पाहुण्यांनी ते नीट ऐकून घेतले. कदाचित जरा जास्तच नीट ऐकले!

फ्रान्स, हॉलंड, रशिया, इटली आदी देश आणि व्हिएन्नाचे जागतिक प्रदर्शन पाहून, जुलै १८७३ मध्ये मार्सेय बंदरातून परतीचा प्रवास सुरू झाला. सुवेझ, एडन आणि लंकेतील गॉल या मार्गाने ते पूर्वेकडे आले, म्हणजे आपल्या किनाऱ्याच्या अगदी जवळून गेले. या बंदरांत गोऱ्यांची वागणूक पाहून कुमेंनी नमूद केले की, घरी सभ्य असणाऱ्या राष्ट्रांची माणसे येथे निराळीच होतात.

१३ सप्टेंबर १८७३ रोजी, एक वर्ष नऊ महिन्यांनी, मंडळी योकोहामास उतरली. पाहतात तो मागे राहिलेल्यांनी करार बाजूला ठेवून शिक्षणाचा कायदा केला होता, सक्तीची लष्करभरती सुरू केली होती, पंचांगसुद्धा बदलले होते. योकोहामा ते तोक्यो आगगाडी धावू लागली होती. झपाट्याने बदलणारा देश पाहायला गेलेल्यांचा स्वतःचाच देश त्यांच्यामागे बदलला होता.

येथे आपल्या मनात एक विचार आल्यावाचून राहत नाही. जपानची ती आगगाडी १८७२ सालची. आपल्या मुंबईहून ठाण्याला गाडी गेली ती १६ एप्रिल १८५३ रोजी, म्हणजे एकोणीस वर्षे आधी. जपानची गाडीही इंग्रज अभियंत्यांनी आणि लंडनमध्ये उभारलेल्या कर्जावरच बांधली. तेव्हा फरक रुळांत नव्हता की इंजिनात नव्हता. ती गाडी कोठून कोठे न्यावी, तिच्यावर कोणता माल चढावा, आणि ती चालवायला उद्या कोणी शिकावे, हे ठरवणारे कोण, यात तो फरक होता. परवशतेत वस्तू लवकर येतात. त्यांच्यामागची विद्या मात्र मागाहून, आणि झगडून मिळवावी लागते.

या प्रवासाचा जमाखर्च मांडताना खर्चाची बाजू झाकून चालणार नाही. परतल्याबरोबर इवाकुरा आणि ओकुबो यांनी कोरियावर स्वारी करण्याचा बेत हाणून पाडला. आधी घर सावरू, असे त्यांचे म्हणणे होते. पण १८७६ साली याच सरकारने कोरियावर एक विषम तह लादला. ज्या कलमांनी जपान स्वतः विव्हळत होता, तसलीच कलमे त्यात होती. जपानमधील परकीयांचे न्यायाधिकार १८९९ साली संपले, जकातीचे पूर्ण स्वातंत्र्य १९११ साली आले. आणि त्या दोहोंच्या मध्ये, १९१० साली, कोरिया गिळला गेला. मंडळातील तरुण इतो हिरोबुमी जपानचे पहिले पंतप्रधान झाले, आणि कोरियावर जपानचे वर्चस्व बसवणारे अधिकारीही झाले. १९०९ साली हार्बिन येथे एका कोरियन देशभक्ताच्या गोळीने त्यांचा अंत झाला. एडन आणि गॉल येथे जे कुमेंच्या डोळ्यांना खुपले, ते बिस्मार्कच्या मेजवानीत कानांवर पडलेल्या शब्दांपुढे फिके पडले. अभ्यासू प्रवासी सामर्थ्याचे कारण शोधून काढतो, परंतु त्या सामर्थ्याचे करायचे काय, हे त्याला परदेशातील कोणताही कारखाना शिकवीत नाही.

आता त्या पाच मुलींकडे वळू. दोघी थोड्याच काळात परतल्या. उरलेल्या तिघी अमेरिकेत वाढल्या. त्यांपैकी यामाकावा सुतेमात्सू १८८२ साली व्हासार कॉलेजातून पदवीधर झाली. उच्च शिक्षणाची अशी पदवी मिळवणारी ती पहिली जपानी स्त्री. त्याच वर्षी उमेको परतली, तेव्हा ती आपली मातृभाषा विसरली होती. आईशी बोलायलाही तिला दुभाषी हवा होता. सरकारने दहा वर्षे खर्च करून तिला शिकवले, पण त्या शिक्षणाचा उपयोग कोणता, हे ठरवायला सरकार विसरले होते. तिने ते स्वतःच ठरवले. ती पुन्हा अमेरिकेला जाऊन शिकून आली, आणि १९०० साली तिने तोक्योत अवघ्या दहा विद्यार्थिनींची शाळा काढली. आज ते त्सुदा विद्यापीठ आहे. २०२४ साली निघालेल्या पाच हजार येनच्या नोटेवर तिचे चित्र आहे.

तिच्या शाळेनंतर एका वर्षाने नारुसे जिंझो यांनी तोक्योतच जपानी महिला विद्यापीठ स्थापन केले. त्या संस्थेची माहितीपुस्तिका पुढे पुण्यात धोंडो केशव कर्वे यांच्या हाती पडली. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेत त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि १९१६ साली ते विद्यापीठ उभे राहिले. अण्णासाहेबांनी जपान प्रत्यक्ष पाहिला तो पुढे जगप्रवासात, वयाची सत्तरी ओलांडल्यावर. तोवर त्या देशाकडून घ्यायचे ते त्यांनी एका पुस्तिकेवरूनच घेतले होते.

कुमेंचा वृत्तांत १८७८ साली पाच खंडांत प्रसिद्ध झाला. त्याच्या शंभर प्रकरणांपैकी वीस एकट्या अमेरिकेवर आणि वीस ब्रिटनवर आहेत. ओकुबो त्याच वर्षी मारेकऱ्यांच्या हातून मरण पावले. किदो आदल्या वर्षीच गेले होते. परंतु मंडळाने जे पाहिले ते सरकारी दप्तरात पडून राहिले नाही. कोणाही वाचणाऱ्या जपानी माणसाला ते विकत घेता आले. आपल्याकडूनही विद्यार्थ्यांचे, शेतकऱ्यांचे, अधिकाऱ्यांचे समूह देशोदेशी जातात, आणि ते जावेतच. त्यांनी जाताना 'ही केव्हापासून, आणि कशाने?' हा कुमेंचा प्रश्न बरोबर न्यावा, आणि येताना त्याचे उत्तर लिहून आणून चारचौघांच्या हाती द्यावे, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.