वाट पाहणाऱ्याची पट्टी

पडद्यावर डावीकडून उजवीकडे भरत जाणाऱ्या पट्टीचे पूर्वज पोलादाच्या कारखान्यांत सापडतात. करोल अदामिएत्स्की या पोलिश अभियंत्याने १८९६ मध्ये कोणतं काम कधी सुरू होऊन कधी संपणार हे पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता बनवला आणि त्याला 'हार्मोनोग्राम' म्हटलं. पुढे १९१० च्या दशकात अमेरिकेत हेन्री गँट यांनी तशाच धर्तीचे तक्ते रूढ केले. जगाने नाव लक्षात ठेवलं ते गँट यांचं. पण हे तक्ते कारखाना चालवणाऱ्यांसाठी होते. काम होईपर्यंत ताटकळणाऱ्याला त्यांतून काही कळत नव्हतं.

त्याची दखल संगणकाने घेतली. मिचेल मॉडेल यांच्या १९७९ च्या प्रबंधात पडद्यावरच्या अशा पट्टीचं वर्णन येतं. तिला खरं बळ दिलं ब्रॅड मायर्स यांनी. 'पर्क' संगणकासाठी त्यांनी केलेल्या 'सफायर' या प्रणालीत छोट्या चित्रखुणांवरच कामाची प्रगती दिसे. मग टोरांटो विद्यापीठात शिकत असताना त्यांनी ४८ जणांना माहितीसाठ्यात शोध घ्यायला लावला, कधी पट्टीसह, कधी पट्टीविना. १९८५ मध्ये मांडलेल्या या प्रयोगात ८६ टक्के लोकांनी पट्टीच्या बाजूने कौल दिला. पट्टीमुळे काम काही लवकर होत नव्हतं. तरीही लोकांना ती हवी होती, आणि मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. उशीर माणूस सोसतो, अंधारात ठेवलेलं त्याला सोसवत नाही.

वेबवर मात्र हे शहाणपण उशिरा पोचलं. १९९३ च्या 'मोझेक' ब्राउझरमध्ये पान येईपर्यंत कोपऱ्यातली पृथ्वी फिरत राही. काहीतरी चाललंय एवढंच त्यातून कळायचं, किती झालं ते नाही. पुढे वेबपानं बनवणाऱ्यांनी एका 'डिव्ह'मध्ये, म्हणजे पानावरच्या चौकोनी कप्प्यात, दुसरा 'डिव्ह' ठेवून, आतल्याची रुंदी जावास्क्रिप्टने वाढवत स्वतःची पट्टी उभी केली. डोळ्यांना ती पट्टी दिसे, पण अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरला ते दोन रिकामे चौकोनच होते. 'एरिया' या सुलभतेच्या नियमांतली 'प्रोग्रेसबार' ही भूमिका जोडली, तरच त्याला अर्थ कळे.

एचटीएमएल-५ ने 'प्रोग्रेस' हा स्वतंत्र टॅग दिला. २०१४ च्या ऑक्टोबरात वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सीने एचटीएमएल-५ प्रमाण म्हणून जाहीर केलं, तोवर मोठ्या ब्राउझरांनी हा टॅग स्वीकारलाही होता. त्याचं काम दोन गुणधर्मांवर चालतं: 'व्हॅल्यू' म्हणजे झालेलं काम, 'मॅक्स' म्हणजे एकूण काम. 'मॅक्स' लिहिलं नाही तर ते १ धरलं जातं, म्हणून नुसतं ३५ लिहिलं की पट्टी पहिल्याच क्षणी पूर्ण भरलेली दिसते. (डिस्क किती भरली हे दाखवायला मात्र 'मीटर' हा वेगळा टॅग आहे. ते मोजमाप झालं, प्रगती नव्हे.)

या टॅगची मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे 'व्हॅल्यू' न लिहिण्याची मुभा. ती गाळली की पट्टी अनिश्चित अवस्थेत जाते आणि ब्राउझर तिच्यात बहुधा इकडून तिकडे सरकणारा तुकडा दाखवतो. ही मुभा गरजेची आहे, कारण टॅग स्वतः काहीच मोजत नाही. किती बाइट आले आणि एकूण किती, हे जावास्क्रिप्टने त्याला कळवायचं असतं. सर्व्हरने फाइलचा आकार आधी सांगितलाच नसेल, तर टक्केवारी काढणार कशाची? अशा वेळी 'ठाऊक नाही' हेच खरं उत्तर असतं आणि एचटीएमएलने त्याला रीतसर जागा दिली.

मोह मात्र दुसरीकडे ओढतो. संशोधक ख्रिस हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं, की शेवटाकडे वेग घेणारी पट्टी लोकांना लवकर संपल्यासारखी वाटते आणि शेवटी अडखळणारी जास्त रेंगाळल्यासारखी. ही माहिती वापरून चाल सुखद करायला माझी हरकत नाही. पण घड्याळाच्या ठोक्यावर ९० टक्क्यांपर्यंत पळवून तिथे अडकवलेली पट्टी ही वाचकाची फसवणूकच आहे.

म्हणून मराठीत पानं बनवणाऱ्यांना माझी विनंती आहे: पट्टीला 'लेबल' जोडा, 'फोटो अपलोड होत आहे' असं स्वच्छ मराठीत त्यात लिहा, आणि एकूण काम किती हे ठाऊक नसेल तेव्हा 'व्हॅल्यू' लिहूच नका.