गोंयचे सोडवणेचो आवाज

'गोंयचे सोडवणेचो आवाज' (गोव्याच्या मुक्तीचा आवाज) हे गोवा मुक्तिसंग्रामातील एक भूमिगत नभोवाणी केंद्र होते. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ ते १९६१ या काळात ते गोव्याच्या सीमेबाहेरील जंगलातून चालविले. त्याचे कार्यक्रम कोंकणी व पोर्तुगीज या दोन भाषांत होत असत.

पार्श्वभूमी

सालाझार यांच्या राजवटीत गोव्यात भाषण, सभा व मुद्रण यांवर कडक निर्बंध होते. छापण्यापूर्वी मजकूर अभ्यवेक्षकाकडून तपासून घ्यावा लागे. 'एमिसोरा द गोवा' हे नभोवाणी केंद्र सरकारच्या ताब्यात होते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला. त्यानंतर भारत सरकारने सामूहिक सत्याग्रहास मनाई केली आणि सीमेवरील ये-जा जवळजवळ थांबली. चळवळीची वार्ता गोव्यातील घरांपर्यंत नेण्यास आकाशवाटेखेरीज दुसरा मार्ग उरला नाही.

स्थापना

दादरा व नगर हवेली येथे मुक्तिसैनिकांच्या हाती आलेल्या दोन बिनतारी संचांमध्ये फेरफार करून प्रक्षेपक तयार करण्यात आला. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी प्रसारणास प्रारंभ झाला. १५१० साली याच दिनांकास आल्फोन्सो द आल्बुकर्क याने गोवा जिंकला होता. प्रारंभी केंद्र सावंतवाडीजवळील आंबोलीच्या जंगलात होते. पुढे ते कॅसलरॉक परिसरात हलविण्यात आले. आरंभी निकोलाव मिनेझिस हेही या कार्यात सहभागी होते.

स्वरूप

दोन भाषांचा अवलंब हेतुपुरस्सर होता. कोंकणीतून सामान्य जनतेशी, तर पोर्तुगीजमधून अधिकारी, सैनिक व सुशिक्षित वर्गाशी संवाद साधला जाई. सरकारी प्रचाराचे खंडन, भारतातील घडामोडी आणि आफ्रिकेतील वसाहतींमधील स्वातंत्र्यलढ्यांच्या बातम्या हा कार्यक्रमांचा मुख्य आशय असे. गोव्याचा प्रश्न हा एकाकी नसून जगभर मावळू लागलेल्या वसाहतवादाचाच एक भाग आहे, ही जाणीव त्यातून श्रोत्यांपर्यंत पोहोचत असे.

मुक्ती आणि समाप्ती

डिसेंबर १९६१ मध्ये लष्करी कारवाईपूर्वी संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांचे शरणागतीचे आवाहन या केंद्रावरून गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांना उद्देशून प्रसारित झाले. १९ डिसेंबर रोजी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. त्यानंतर सरदेसाई व लोबो यांनी विमानातून पत्रके टाकीत, ध्वनिक्षेपकावरून दोन्ही भाषांत गोवा मुक्त झाल्याची घोषणा केली. या घोषणेने केंद्राचे कार्य पूर्ण झाले.

सन्मान

१९६४ साली मुक्तिदिनीच, १९ डिसेंबर रोजी, दोघांचा विवाह झाला. वामन सरदेसाई यांना १९९२ साली पद्मश्री हा पुरस्कार मिळाला. १९९४ साली त्यांचे निधन झाले. लिबिया लोबो सरदेसाई यांना हाच सन्मान वयाची शंभरी ओलांडल्यावर, २०२५ साली जाहीर झाला.