सारस धानाच्या बांधीत घरटं का बांधतो? गोंदियाच्या शेतातल्या पाहुण्याची गोष्ट

घरटं म्हटलं की झाडाची फांदी डोळ्यांसमोर येते. पण अनेक पक्षी झाडावर घरटं बांधतच नाहीत. टिटवी उघड्या रानात खडे गोळा करून त्यात अंडी घालते. चंडोल आणि लावा गवताच्या आडोशाने जमिनीवरच संसार थाटतात. याच जमिनीवरच्या मंडळींत उडणाऱ्या पक्ष्यांमधला जगातला सर्वांत उंच पक्षीही आहे, तो म्हणजे सारस क्रौंच. महाराष्ट्रात तो आज मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच दिसतो आणि तिथे अनेकदा धानाच्या शेतात अंडी घालतो.

सारस कसा ओळखायचा?

राखाडी अंग, लांब गुलाबी पाय, लाल डोकं आणि मान. पूर्ण वाढलेला सारस सुमारे सहा फूट उंच असतो. तो बहुतेक वेळा जोडीने दिसतो. नर आणि मादी मान वर करून एकत्र आवाज देतात, तो दूरवर ऐकू जातो. जोडी वर्षानुवर्षं टिकते आणि शक्यतो त्याच परिसरात पुन्हा घरटं करते.

गोंदियाच का?

गोंदिया हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. जुन्या मालगुजारी तलावांतल्या उथळ पाण्यात पाणवनस्पती, कंद, देवधान, बेडूक, किडे असं सारसाचं खाणं मिळतं. वैनगंगा आणि बाघ नद्यांचा पाणथळ पट्टा जवळच आहे. परसवाडा आणि झिलमिली हे तलाव तर सारस पाहण्यासाठी प्रसिद्ध आहेत. पावसाळ्यात रोवणी झाली की बांध्यांमध्ये पाणी साचतं. सारसाच्या दृष्टीने ती उथळ पाण्याची दलदलच असते, फक्त ती माणसाने तयार केलेली असते.

नदीपलीकडच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातही सारस आहेत आणि भंडाऱ्यात अगदी मोजके. पक्ष्यांना जिल्ह्याची सीमा कळत नाही, म्हणून गणनाही या तिन्ही जिल्ह्यांत होते.

घरटं कसं असतं?

सारसाची जोडी आजूबाजूचं गवत, पाणवनस्पती आणि धानाची काही रोपं उपटून पाण्यात मोठा ढीग रचते. हा ढीग पाण्याच्या वर राहतो, त्यामुळे अंडी कोरडी राहतात. भोवतीचं पाणी खंदकासारखं काम करतं, कुत्रा किंवा कोल्हा सहज पोहोचत नाही. मादी साधारणपणे दोन अंडी घालते. नर आणि मादी आळीपाळीने सुमारे महिनाभर ती उबवतात. पिल्लं एक-दोन दिवसांतच आईबापामागे चालू लागतात, पण उडायला त्यांना जवळपास तीन महिने लागतात.

अडचण नेमकी कुठे येते?

अडचण वेळेची आहे. ऑगस्टच्या शेवटी घातलेल्या अंड्यांतून सप्टेंबरच्या शेवटी पिल्लं बाहेर येतात. हलका धान ऑक्टोबरमध्ये कापणीला येतो, भारी धान नोव्हेंबरमध्ये. म्हणजे शेत मोकळं होतं तेव्हा पिल्लू अजून उडू शकत नाही. आडोसा जातो, पाणी आटतं आणि मोकाट कुत्र्यांना रस्ता मिळतो.

पाण्याचाही प्रश्न आहे. बांधीतलं पाणी अचानक सोडलं तर घरट्याचा खंदक नाहीसा होतो आणि मुसळधार पावसात पाणी वाढलं तर अंडी बुडतात. याशिवाय कीटकनाशकं, वाळू उपशामुळे बिघडलेले नदीकाठ, गाळ आणि बेशरमने भरलेले तलाव, खाली लोंबणाऱ्या वीजतारा यांचाही धोका आहे. एवढ्या मोठ्या पंखांच्या पक्ष्याला तारा चुकवणं कठीण जातं.

आकडा किती?

२०२१ च्या गणनेत गोंदियात ३९ सारस नोंदले गेले, २०२२ मध्ये ३४. एवढ्या कमी संख्येत एक जोडी गमावणंही मोठं नुकसान असतं. याच काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसाच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली आणि जनहित याचिका दाखल करून घेतली. गोंदियातली 'सेवा' ही संस्था, वन विभाग आणि गावकरी अनेक वर्षांपासून घरट्यांवर लक्ष ठेवतात आणि जूनमध्ये गणना करतात.

शेतकऱ्याचं नुकसान होतं का?

घरट्यापुरती रोपं उपटली जातात, जोडीच्या वावराने थोडा धान तुडवला जातो. नुकसान बांधीच्या एका कोपऱ्यापुरतं असलं तरी ते त्या एका शेतकऱ्याच्याच वाट्याला येतं. पक्षी सगळ्यांचा आणि तोटा एकट्याचा, असा हा हिशेब आहे. म्हणून संरक्षित जंगलापेक्षा इथे शेतकऱ्याचं मन जास्त महत्त्वाचं ठरतं. घरट्याभोवतीचा तुकडा शेवटी कापणं, तिथे फवारणी टाळणं, पाणी एकदम न सोडणं एवढ्यानेही पिल्लांना बराच वेळ मिळतो.

घरटं दिसलं तर काय करायचं?

जवळ जाऊ नका. माणूस आला की जोडी घरटं सोडून उठते आणि उघडी अंडी कावळ्यांच्या तावडीत सापडतात. ड्रोन उडवू नका. फोटो दुरून काढला असेल तरी गावाचं नाव किंवा लोकेशन टाकून शेअर करू नका. त्यामुळे बघ्यांची गर्दी होते आणि अंडी चोरणाऱ्यांनाही पत्ता मिळतो. आधी शेतमालकाला आणि वन विभागाला कळवा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार सारसाची अंडी उचलणं किंवा घरटं मोडणं हा गुन्हा आहे.

फोटो टाकायचाच असेल तर पिल्लं उडून गेल्यावर टाका. तोपर्यंत धानही घरी आलेला असतो.