खारट पाण्यातील पेशी

उन्हाळा लागला की आपल्या ब्रह्मपुरीत घरोघर कैरीच्या फोडींना मीठ लागते. रात्रीतून त्यांना पाणी सुटते व त्या आकसतात. काचपात्रात वाढविलेली अर्बुदाची पेशी खारट द्रवात ठेवली तर तिचेही आधी असेच होते. पण ती पुन्हा सावरते. ती कशी सावरते हे माणसाला कसे उमगले, ते आम्ही येथे सांगणार आहोत.

लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर १८८२-८३ च्या सुमारास बेडकाचे हृदय मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवीत होते. पाणी ऊर्ध्वपातित असल्याची त्यांची समजूत, प्रत्यक्षात ते नळाचे निघाले! शुद्ध पाणी घेताच हृदय मंदावले. नळाच्या पाण्यातील कॅल्शियम त्याला हवे होते. पेशींसाठी क्षारांचे प्रमाण जुळविण्याची विद्या येथून सुरू झाली.

१९५१ साली बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय मातेच्या गाठीचा तुकडा घेतला गेला. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या पेशी वाढतच राहिल्या. त्याच ‘हेला’ पेशी. बाई त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला वारल्या. त्यांची संमती कोणी विचारली नव्हती, ही गोष्ट शास्त्राच्या कीर्तीखाली झाकून ठेवणे आम्हांस पटत नाही. याच गाय यांच्याकडे काम करून आलेल्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतक-संवर्धन प्रयोगशाळा उभारली.

संवर्धनाचा द्रव रक्ताइतकाच, म्हणजे शेकडा सुमारे ०.९ मिठाच्या पाण्याइतका, खारट असतो. मीठ वाढले की आकसलेली पेशी प्रथम सोडियम, पोटॅशियम व क्लोराइड आत घेऊन आकार सावरते. पण आत क्षार साचले तर प्रथिने बिघडतात. म्हणून ती हळूहळू क्षारांच्या जागी बीटेन, टॉरिन, इनोसिटॉल असे निरुपद्रवी पदार्थ साठविते. काही पेशी तर साखरेपासून सॉर्बिटॉल घडवितात. ही कामे सुरू करणारे एक प्रथिन १९९९ साली ओळखले गेले. सोडियम बाहेर काढणारा पंप येन्स स्कोऊ यांनी १९५७ साली दाखविला होता. त्यालाही अखंड इंधन लागते. अर्बुदपेशी मुळातच साखरेची हावरी. प्राणवायू असतानाही ती साखरेचे लॅक्टिक आम्ल करते, हे ऑटो वारबुर्ग यांनी १९२० नंतरच्या दशकात दाखविले होते.

मग मिठाने गाठ मारता येईल काय? मुळीच नाही. रक्तातील मीठ मूत्रपिंडे काट्यावर राखतात. तो तोल बिघडविला तर गाठीआधी रोगीच दगावेल. मूत्रपिंडाच्या आतील भागातल्या पेशी मात्र रक्ताहून कितीतरी खारट द्रवात जन्मभर राहतात, आणि वर सांगितलेले पुष्कळसे ज्ञान त्यांच्यापासूनच मिळाले आहे.

रणदिवे यांचे गुरू डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तंबाखूच्या सवयी व तोंडाचा कर्करोग यांचा संबंध अभ्यासला होता. आपल्या पानठेल्यांवर खर्रा आजही घोटला जातोच आहे.