पोटमाळ्याचा भाव

मुंबईत चाळीतली जुनी खोली विकायला निघाली की दलालाचा एक प्रश्न ठरलेला असतो: "पोटमाळा आहे का?" असला तर भाव वेगळा. मग कागद करायला बसलं की खोलीचं क्षेत्रफळ येतं, भाडेपावतीचा नंबर येतो, पोटमाळा मात्र बहुतेक वेळा कुठेच येत नाही. ज्याचे पैसे मोजले तीच वस्तू कागदावर नाही. हे असं कसं झालं, ते आज आपण पाहू.

1920 च्या दशकात बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून 207 इमारती, आणि खोली 160 चौरस फुटांची. गिरणगावातल्या खासगी चाळींमध्येही जागा अशीच. पण जुन्या बांधकामाची छतं उंच. जमिनीवर पाय पसरायला जागा नाही आणि डोक्यावर मात्र रिकामी हवा! गावाहून भाऊ आला, पुतण्या आला, पोरं मोठी झाली, की सुताराला बोलावायचं. भिंतीत वासे रोवायचे, वर फळ्या ठोकायच्या, मोरीच्या बाजूला शिडी टेकवायची. रात्रपाळीचा माणूस दिवसा वर झोपायचा, मुलं वरच अभ्यास करायची, आणि नव्या जोडप्याला घरात आडोसा म्हणून मिळायचा तो तेवढाच. परवानगी मागायची असते हे कुणाच्या मनातही येत नसे.

पुढे 1947 चा भाडेनियंत्रण कायदा आला. भाडं सप्टेंबर 1940 च्या पातळीशी बांधलं गेलं. इतक्या कमी भाड्याची दुसरी खोली मिळणं अशक्य, त्यामुळे भाडेकरू हलेना, आणि घर वाढलं ते आतल्या आत. खोली दुसऱ्याला द्यायचीच झाली तर पागडी घेऊन. पागडी घेणं त्या कायद्यानं गुन्हा होता, तरी ती सर्रास चालायची. आता गंमत बघा. व्यवहारच बेकायदा, तर त्यातला पोटमाळा मंजूर आहे का हे विचारणार कोण? आमच्या मते पोटमाळ्याला इतकी वर्षं संरक्षण मिळालं ते याच अंधारामुळे.

महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, 1999 हा 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्याच्या कलम 56 नं भाडेकरूला हक्क सोडताना रक्कम घेण्याची आणि मालकाला संमतीसाठी रक्कम घेण्याची मोकळीक दिली. व्यवहार उजेडात आला, करार नोंदवले जाऊ लागले, वकील कागद तपासू लागले. आणि पोटमाळा उघडा पडला.

तो मंजूर आहे का, या प्रश्नाचं उत्तर मुंबईत तारखेवर अवलंबून आहे. राहत्या जागेसाठी 17 एप्रिल 1964, व्यापारी जागेसाठी 1 एप्रिल 1962. त्याआधीचं बांधकाम असल्याचं सिद्ध झालं तर महापालिका ते सहन करते. सहन करते हं, मंजूर नव्हे! पुरावा म्हणजे जुना असेसमेंटचा उतारा किंवा जुना नकाशा. शेजारच्या आजोबांची आठवण तिथे फारशी कामाला येत नाही. त्यानंतरचा पोटमाळा असेल तर 1888 च्या महापालिका कायद्यातल्या कलम 351 ची नोटीस येऊ शकते, आणि तिला तोंड द्यावं लागतं ते त्या वेळी घरात राहणाऱ्याला. विकणारा तोवर विरारला गेलेला असतो.

1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत माळ्याची उंची जास्तीत जास्त दीड मीटर, आणि तोही सामान ठेवण्यासाठी. म्हणजे वर वाकून ट्रंक ठेवली तर माळा, ताठ उभं राहता आलं तर मजला, आणि मजला आला की एफएसआय आला. "पण आम्ही त्याचा कर भरतो," असं विकणारे हमखास सांगतात. कर घेतला म्हणून बांधकाम नियमित होत नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे.

मालकीच्या फ्लॅटला 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागतो. त्याचं कलम 55 विकणाऱ्यावर एक जबाबदारी टाकतं: मालमत्तेतला किंवा हक्कातला जो महत्त्वाचा दोष आपल्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साध्या काळजीनं कळणार नाही, तो सांगितला पाहिजे. पोटमाळा डोळ्यांना दिसतो. त्याला परवानगी नाही, हे दिसत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, विकताना हे लेखी सांगा. भाव थोडा पडेल, पण पुढे कोर्टाची पायरी चढावी लागण्याची शक्यता कमी होईल.

खरा फटका बसतो पुनर्विकासात. उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासात अनधिकृत बांधकाम मोजणीत धरत नाहीत. बीडीडीत पात्र रहिवाशाला 500 चौरस फुटांचं घर, खोलीत पोटमाळा असो वा नसो. चाळीस वर्षं हातोहात वाढत गेलेला तो भाव त्या दिवशी शून्यावर येतो, आणि तोटा सोसतो तो शेवटचा घेणारा. वरळीत ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्या 556 घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. त्या यादीत पोटमाळ्याचा रकाना नव्हता.